लोकप्रशासन वैकल्पिक विषय: अभ्यासाचा क्रम कुठे चुकतो आणि तो कसा लावावा

लोकप्रशासन हा वैकल्पिक विषय घेतलेल्या उमेदवारांच्या सराव उत्तरपत्रिका मी काही वर्षे तपासत आलो आहे. त्यांतल्या बहुतेक चुका अज्ञानातून आलेल्या नसतात, त्या क्रमातून आलेल्या असतात. विचारवंतांची नावे पाठ असतात, कलमांचे क्रमांक बरोबर असतात, वह्या भरलेल्या असतात. तरीही पहिल्या पेपरचे उत्तर परिचयपर टिपेसारखे होते आणि दुसऱ्या पेपरचे उत्तर नागरिकशास्त्राच्या धड्यासारखे. याचे कारण असे की आधी चार-पाच महिने नुसते वाचन, मग टिपणे, आणि अगदी शेवटी प्रश्नपत्रिका व लेखन, हा क्रम जवळजवळ सगळेच धरतात. तो उलटा आहे.

पुढील टप्पे केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेचा आराखडा धरून लिहिले आहेत. तिथे या विषयाचे प्रत्येकी २५० गुणांचे आणि तीन तासांचे दोन पेपर असतात. म्हणजे लेखी परीक्षेच्या १७५० गुणांपैकी ५०० गुण या एका विषयाचे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली असून तिथेही वैकल्पिक विषयाला ५०० गुण आहेत. त्या परीक्षेसाठी अभ्यासक्रम त्या आयोगाच्या संकेतस्थळावरून वेगळा उतरवून घ्यावा. कामाचा क्रम मात्र तोच राहतो.

## टप्पा १: वाचनाआधीची तयारी

पुस्तक उघडण्यापूर्वी टेबलावर तीन गोष्टी असाव्यात.

पहिली म्हणजे अभ्यासक्रमाची छापील प्रत. पहिल्या पेपरमध्ये प्रशासकीय सिद्धांताचे १२ घटक आहेत आणि दुसऱ्यामध्ये भारतीय प्रशासनाचे १४. प्रत्येक घटकाखाली जे शब्द दिलेले आहेत ते नमुन्यादाखल दिलेले नाहीत, तीच परीक्षेची हद्द आहे. 'प्रशासकीय वर्तन' या घटकाखाली निर्णयप्रक्रिया, संप्रेषण, मनोधैर्य, अभिप्रेरणा आणि नेतृत्व एवढेच येते. तरीही मानसशास्त्राचे एखादे जाडजूड पुस्तक घेऊन त्यात महिना घालवणारे उमेदवार मी पाहिले आहेत.

दुसरी म्हणजे मागील १० वर्षांच्या प्रश्नपत्रिका. त्या आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात आणि त्या तिथूनच घ्याव्यात. घटकवार लावून छापलेले आयते संच विकत घेतल्यास पुढचा टप्पा दुसऱ्या कोणीतरी तुमच्यासाठी केलेला असतो, आणि तो टप्पा स्वतः करण्यातच त्याचा उपयोग असतो.

तिसरी गोष्ट मराठी माध्यमाच्या उमेदवारांसाठी आहे आणि तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते: तीन रकान्यांची संज्ञावही. उत्तर मराठीत लिहायचे असले तरी प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच छापलेली असते. वहीत प्रत्येक संज्ञेचा इंग्रजी, हिंदी आणि मराठी शब्द शेजारी शेजारी असावा. मराठी रकान्यासाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश वापरावेत, आणि एका संज्ञेला एकच शब्द शेवटपर्यंत ठेवावा. 'पदसोपान' एका पानावर, 'श्रेणीरचना' दुसऱ्यावर आणि 'उतरंड' तिसऱ्यावर लिहिल्यास परीक्षकाला तीन वेगळ्या कल्पना वाटू शकतात.

हिंदी रकाना केवळ शोभेचा नाही. हिंदीत 'शासन' हा शब्द राज्य चालवण्याच्या क्रियेसाठी येतो, मराठीत तो सरळ सरकार या संस्थेसाठी रुळला आहे. हिंदीतल्या 'जवाबदेही'साठी आपण 'उत्तरदायित्व' लिहितो. पण हिंदी प्रश्नात 'उत्तरदायित्व' दिसले, तर तिथे बहुधा जबाबदारी अभिप्रेत असते. जबाबदारी आणि उत्तरदायित्व यांतला फरक हाच जिथे प्रश्न असतो, तिथे ही गल्लत झाली की उत्तर पहिल्या ओळीपासून उलट्या दिशेला जाते. आयोगाच्या सूचनांनुसार पारिभाषिक संज्ञेपुढे कंसात इंग्रजी रूप देता येते. ही सवलत पहिल्या उल्लेखापुरती वापरावी, प्रत्येक ओळीत नव्हे.

तपासणी: संज्ञावहीत किमान १०० संज्ञा भरल्या गेल्या का? प्रश्नाचा हिंदी मजकूर झाकून इंग्रजीवरून, आणि इंग्रजी झाकून हिंदीवरून, तुम्हाला तोच मराठी प्रश्न मांडता येतो का?

## टप्पा २: प्रश्नपत्रिका उलगडणे

प्रत्येक पेपरमध्ये दोन विभागांत मिळून आठ प्रश्न असतात. त्यांतले पहिला आणि पाचवा अनिवार्य असून त्यांना प्रत्येकी १० गुणांचे पाच उपप्रश्न असतात. उरलेल्या सहांना बहुधा तीन-तीन. म्हणजे एका पेपरमध्ये सुमारे २८ उपप्रश्न, आणि १० वर्षांचे दोन्ही पेपर धरले तर साधारण साडेपाचशे. एका वहीत २६ घटकांसाठी दोन-दोन पाने सोडावीत आणि हे सगळे उपप्रश्न, मराठीत भाषांतर करून, आपापल्या घटकाखाली हाताने उतरवावेत. वर्ष आणि गुण शेजारी लिहावेत. या कामाला आठ ते दहा दिवस लागतात आणि चौथ्या दिवशी कंटाळा येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

काही प्रश्न कोणत्या घटकात टाकावा हे कळणार नाही. ते वगळू नयेत. वहीच्या मागच्या बाजूला 'दोन घटकांतले' असे पान करून तिथे नोंदवावेत. ही यादी जसजशी वाढते तसे लक्षात येते की आयोगाला घटकांची सरमिसळच हवी आहे, आणि पाचव्या टप्प्यात हेच पान सर्वांत जास्त कामाला येते.

उतरवताना प्रश्नाच्या क्रियापदाखाली रेघ मारावी. 'स्पष्ट करा' म्हटले असताना टीका करत बसू नये. 'समीक्षात्मक परीक्षण करा' म्हटले असताना टीका नसेल, तर उत्तर अर्धेच झाले असे समजावे. 'आपण सहमत आहात काय' या प्रश्नाला पहिल्या दोन ओळींत भूमिका हवी. दोन्ही बाजू मांडून शेवटी हात वर करणे ही भूमिका होत नाही.

इशारा: ही वही पुढच्या वर्षीच्या प्रश्नांचे भाकीत करण्यासाठी नाही. 'या घटकावर दोन वर्षे प्रश्न आला नाही, म्हणजे यंदा येणार' किंवा 'म्हणून तो सोडावा' हे दोन्ही तर्क सारखेच पोकळ आहेत.

## टप्पा ३: पहिला पेपर, पण अभ्यासक्रमाच्या क्रमाने नव्हे

अभ्यासक्रमातला पहिला घटक प्रस्तावनेचा आहे. विल्सनची दृष्टी, नव लोकप्रशासन, लोकनिवड दृष्टिकोन, सुशासन, नव लोकव्यवस्थापन असे सगळे त्यात एकत्र आहे. तो आधी वाचला की अर्धे समजत नाही. कारण नव लोकप्रशासन जिथून पुढे आले त्या १९६८ च्या मिन्नोब्रुक परिषदेतील तरुण अभ्यासकांचा राग कशावर होता हे कळायला आधीचे साठ-सत्तर वर्षांचे म्हणणे माहीत असावे लागते. म्हणून पुढील क्रम ठेवावा: आधी दुसरा घटक, म्हणजे प्रशासकीय विचार, मग संघटना, मग प्रशासकीय वर्तन, त्यानंतर पहिल्या घटकाकडे परत. उत्तरदायित्व, प्रशासकीय कायदा, सेवकवर्ग प्रशासन, लोकधोरण, प्रशासकीय सुधारणेची तंत्रे आणि वित्तीय प्रशासन हे घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने चालतात. तुलनात्मक लोकप्रशासन आणि विकासाची गतिशीलता मात्र सलग वाचावेत, कारण विकसनशील देशांच्या प्रशासनाचा अभ्यासक रिग्ज दोन्हीकडे लागतो.

प्रत्येक विचारवंतासाठी एकच पान ठेवावे आणि त्याचे चार चौकोन करावेत: त्याच्यासमोर अडचण कोणती होती, त्याने उपाय काय सुचवला, त्याला कोणी व कशावरून खोडून काढले, आणि आजच्या कार्यालयात ते कुठे दिसते. जन्म, शिक्षण, ग्रंथांची यादी यांना पानावर जागा देऊ नये.

एक पान जवळून पाहू. हर्बर्ट सायमनच्या पानातला पहिला चौकोन असा भरता येईल. त्याच्याआधीच्या अभिजात विचारवंतांनी संघटनेची तत्त्वे सांगितली होती: नियंत्रणकक्षा लहान असावी, म्हणजे एका वरिष्ठाच्या हाताखाली थोडेच लोक असावेत, आणि आदेशाच्या पातळ्याही कमी असाव्यात, म्हणजे कागद लवकर वर-खाली जाईल. सायमनने १९४६ मध्ये दाखवून दिले की ही दोन्ही तत्त्वे एकाच वेळी पाळता येत नाहीत. समजा, ८१ कर्मचारी आहेत. एका वरिष्ठाखाली तिघेच ठेवले, तर २७ पर्यवेक्षक लागतात, त्यांच्यावर ९, त्यांच्यावर ३ आणि सर्वांवर १; म्हणजे कर्मचाऱ्यांच्या वर चार पातळ्या. नऊजण ठेवले तर ९ पर्यवेक्षक आणि त्यांच्यावर १ एवढ्यावर काम भागते. कक्षा आवळली की पातळ्या वाढतात, पातळ्या कमी केल्या की कक्षा फुगते. म्हणून त्याने या तत्त्वांना म्हणी म्हटले. एक म्हण सांगावी तर तिच्याविरुद्धची दुसरीही हजर असते. 'शुभस्य शीघ्रम्' आणि 'अति घाई संकटात नेई' या दोन्हींचा आधार घेऊन आपण हवा तो सल्ला देऊ शकतो, तसेच.

हे गणित एकदा स्वतः कागदावर केले की नियंत्रणकक्षा, पदसोपान, अभिजात विचारांवरील टीका आणि तत्त्वांऐवजी निर्णय हे अभ्यासाचे एकक का मानावे, हे चारही विषय एकाच पानात बसतात. याउलट 'सायमनने तत्त्वांना म्हणी म्हटले' एवढीच ओळ पाठ केली, तर ती एका वाक्यापलीकडे उत्तराला पुरत नाही.

नेहमीची चूक: टीकेचा चौकोन सर्वांसाठी एकाच साच्याने भरला जातो. 'मानवी घटकाकडे दुर्लक्ष केले' हे शास्त्रीय व्यवस्थापन मांडणाऱ्या टेलरबद्दल खरे आहे. तेच वाक्य मानवी संबंधांवरच भर देणाऱ्या मेयोच्या पानावर गेले, तर परीक्षकाला पुढे वाचायची गरज राहत नाही. मेयोवरचा आक्षेप वेगळा आहे: कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातील हितसंबंधांचा झगडा त्याने जिव्हाळ्याच्या वातावरणात विरघळवून टाकला.

तपासणी: कोणतेही पान बंद करून, त्या विचारवंताचे नाव न घेता, त्याची अडचण आणि त्याचा उपाय तीन वाक्यांत दुसऱ्याला समजावून सांगता येतो का? नाव काढून घेतल्यावर कल्पना उभी राहत नसेल, तर पाठ झाले आहे ते फक्त नाव.

## टप्पा ४: दुसरा पेपर कागदपत्रांतून

इथे सर्वांत मोठा घोटाळा होतो. सामान्य अध्ययनासाठी राज्यव्यवस्था झालेली असते, म्हणून 'दुसरा पेपर निम्मा तयार आहे' असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात दोन्हींचे प्रश्न वेगळे आहेत. राज्यव्यवस्थेच्या अभ्यासात कलम २८० खाली वित्त आयोग कसा नेमतात हे पाहायचे असते. लोकप्रशासनात केंद्राकडून येणाऱ्या पैशाला अटी जोडल्या की राज्याच्या प्रशासनाचा प्राधान्यक्रम कसा बदलतो, हे विचारले जाते. राज्यव्यवस्थेत पंचायती आणि नगरपालिकांची ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती हा तरतुदींचा विषय आहे. इथे कामे दिली पण कर्मचारी आणि निधी दिला का, हा मुद्दा असतो.

ही नजर फक्त पुस्तकातून येत नाही. त्यासाठी आठवड्याला एक या हिशेबाने शासनाचे मूळ कागद वाचावेत, आणि सुरुवात शासन निर्णयाने करावी. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर ते विभागवार मिळतात. कोणत्याही विभागाचा, एखाद्या योजनेसाठी निधी वितरित करणारा तीन-चार पानांचा शासन निर्णय छापून घ्यावा आणि पेन्सिल घेऊन बसावे.

वरच्या बाजूला विभागाचे नाव, क्रमांक आणि दिनांक असतो. क्रमांकातच प्रकरणाचे वर्ष आणि कार्यासन दडलेले असते. म्हणजे मंत्रालयातल्या कोणत्या टेबलावर ही नस्ती (फाइल) जन्मली ते कळते. त्याखाली 'वाचा' असे लिहून आधीच्या शासन निर्णयांची आणि पत्रांची यादी येते. ती लांबलचक असेल तर थांबून पाहावे: धोरणाचा अभ्यासक लिंडब्लॉम याने १९५९ मध्ये मांडलेला टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या धोरणाचा मुद्दा इथे उघड्यावर पडलेला दिसतो, कारण प्रत्येक नवा निर्णय आधीच्याला थोडासाच सरकवतो. मग प्रस्तावना, आणि त्यानंतर प्रत्यक्ष आदेश. त्यात लेखाशीर्ष, म्हणजे खर्च ज्या हिशेबशीर्षाखाली पडतो ते, असते, आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे पैसे काढून वाटणारा अधिकारी, कोण हे नेमलेले असते, आणि बहुधा वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भाचा क्रमांक देऊन 'सहमतीने' असा शब्द असतो. हा एक शब्द म्हणजे खर्चावरील अंतर्गत नियंत्रण: योजना एका विभागाची, पण किल्ली दुसऱ्याकडे.

शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' ही ओळ येते आणि खाली सही कक्ष अधिकाऱ्याची, अवर सचिवाची किंवा उपसचिवाची असते. राज्यपालांनी हा कागद पाहिलेलाही नसतो. कलम १६६ खाली राज्याची कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावाने व्यक्त होते आणि कामाची वाटणी कार्यनियमावलीने होते, हे पुस्तकातले वाक्य इथे सहीच्या रूपात दिसते. सर्वांत खाली 'प्रत' म्हणून यादी असते. तीत महालेखापाल असतील, तर हा खर्च पुढे लेखापरीक्षेत, तिथून विधानमंडळापुढे आणि लोकलेखा समितीपुढे जाऊ शकतो. ग्रामपंचायतीचे नाव कुठे आहे, किंवा आहे का, हेही पाहावे. योजना गावासाठी आणि प्रतीच्या यादीत गावच नाही, असे आढळले की विकेंद्रीकरणावरच्या उत्तरासाठी एक उदाहरण हाती लागले असे समजावे.

असे दहा शासन निर्णय वाचल्यावर पुस्तकातली वाक्ये जड वाटेनाशी होतात. अधिकारी झाल्यावर हाताखालून जाणारे कागद हेच असतात, त्यामुळे हा वेळ परीक्षेनंतरही वाया जात नाही; पण तो आत्ताचा हेतू नाही.

यानंतर दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाकडे वळावे. २००५ मध्ये नेमलेल्या या आयोगाचे १५ अहवाल आहेत आणि ते सगळे मुळापासून वाचणे हा वेळेचा अपव्यय आहे. शासनातील नीतिमत्ता, स्थानिक शासन, सेवकवर्ग प्रशासन, नागरिककेंद्रित प्रशासन आणि राज्य व जिल्हा प्रशासन या पाच विषयांवरचे अहवाल आधी घ्यावेत. प्रत्येकातील शिफारशींचा समारोप वाचून पाच-सहा शिफारशी निवडाव्यात, आणि त्यांतली कोणती अमलात आली व कोणती नाही हे शेजारी लिहावे. नुसती शिफारस लिहिणे ही माहिती झाली. ती का अडली हे लिहिले की लोकप्रशासनाचे उत्तर सुरू होते.

इशारा, जुन्या मजकुराबद्दल: बाजारातल्या आणि वरिष्ठांकडून आलेल्या टिपणांत कालबाह्य मजकूर भरपूर असतो. नियोजन आयोगाची जागा १ जानेवारी २०१५ पासून नीती आयोगाने घेतली आहे. योजना आणि योजनेतर खर्च हा भेद २०१७-१८ च्या अर्थसंकल्पापासून गेला आहे, आणि त्याच वर्षी रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्पही थांबला. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या जमावबंदी आदेशासाठी १४४ कलम लिहिण्याची सवय अजून सुटत नाही. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ मध्ये आहे. एकाच उत्तरात अशा दोन चुका आल्या की उरलेले बरोबर असूनही शिळे वाटते.

## टप्पा ५: दोन्ही पेपर एकमेकांना बांधणे

हा टप्पा स्वतंत्र करावा लागतो. वाचता वाचता आपोआप होत नाही. एक पातळ वही घ्यावी, डाव्या पानावर पहिल्या पेपरमधली कल्पना आणि उजव्या पानावर भारतीय प्रशासनातला तिचा दाखला लिहावा. पन्नास जोड्या पुरतात. दुसऱ्या टप्प्यात 'दोन घटकांतले' म्हणून बाजूला ठेवलेले प्रश्न आधी घ्यावेत.

उदाहरणार्थ, संघटनेचा अभ्यासक बर्नार्ड याने १९३८ मध्ये सांगितले की अधिकार वरून येत नाही, हाताखालच्याने आदेश स्वीकारला तर तो असतो. आणि प्रत्येकाच्या मनात एक उदासीनता क्षेत्र असते, ज्याच्या आतला आदेश तो प्रश्न न विचारता पाळतो. उजव्या पानावर शिक्षकांची अशैक्षणिक कामे लिहावीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच कामे मोकळी ठेवली आहेत. त्यापलीकडचे सर्वेक्षण आले की कुरबुर सुरू होते, निवेदने जातात, बहिष्काराची भाषा होते. क्षेत्राची सीमा कायद्याने आखली गेली की ती ओलांडणारा आदेश लगेच दिसतो, हा त्यातून निघणारा मुद्दा मूळ सिद्धांतात नाही. तो तुमचा असतो आणि गुण त्याला मिळतात.

वेबरच्या नोकरशाहीतील स्थैर्यासमोर सरकारी सेवकांना बडतर्फीविरुद्ध असलेले कलम ३११ चे संरक्षण ठेवता येते, आणि रिग्जच्या औपचारिकतेसमोर, म्हणजे कागदावरचा नियम आणि प्रत्यक्ष वागणे यांतल्या अंतरासमोर, माहितीच्या अधिकार कायद्यातील कलम ४ चे स्वयंप्रेरित प्रकटीकरण: कार्यालयाच्या भिंतीवर फलक आहे, पण त्यावरचा अधिकारी तीन बदल्यांपूर्वीच गेलेला आहे.

नेहमीची चूक: जोडी ओढूनताणून लावणे. कौटिल्याच्या प्रत्येक वाक्यात नव लोकव्यवस्थापन शोधणारी उत्तरे हास्यास्पद होतात. जोडी सुचत नसेल तर उजवे पान रिकामे ठेवावे.

## टप्पा ६: उत्तरलेखन

लेखन या क्रमात सहावे दिसत असले तरी ते तिसऱ्या टप्प्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरू झालेले असावे. तेव्हा आठवड्याला चार उत्तरे, वेळ न लावता. या टप्प्यात मात्र घड्याळ समोर येते.

हिशेब सोपा आहे. २५० गुणांसाठी १८० मिनिटे. गुणामागे ०.७ मिनिट धरले तर १७५ मिनिटे लागतात आणि प्रश्न निवडायला ५ उरतात. म्हणजे १० गुणांना ७ मिनिटे, १५ गुणांना साडेदहा आणि २० गुणांना १४. पहिल्या अनिवार्य प्रश्नात प्रत्येक उपप्रश्नाला तीन-तीन मिनिटे जास्त गेली, की शेवटी १५ मिनिटांचा खड्डा पडतो आणि २० गुणांचे एक उत्तर कोरे राहते. अनिवार्य प्रश्नांखेरीज जे तीन सोडवायचे त्यांत प्रत्येक विभागातला किमान एक हवा. ही अट निवड करतानाच पेन्सिलने खुणावून घ्यावी.

आता एक नमुना. समजा प्रश्न असा आहे: 'प्रशासकाचा निर्णय सर्वोत्तम नसतो, पुरेसा असतो. भाष्य करा.' १० गुण, १५० शब्द.

तपासताना हमखास दिसणारी सुरुवात अशी असते: 'हर्बर्ट सायमन हे थोर अमेरिकन विचारवंत असून त्यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी निर्णयप्रक्रियेवर मोलाचे विचार मांडले.' दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि १५० पैकी वीसेक शब्द खर्च होऊनही प्रश्नाला अजून हात लागलेला नाही.

त्याऐवजी अशी सुरुवात करून पाहावी: 'धरणातून विसर्ग वाढला असताना कोणती गावे आधी हलवायची, हे जिल्हाधिकाऱ्याला संध्याकाळपूर्वी ठरवावे लागते. सर्व पर्याय, त्यांचे सर्व परिणाम आणि पावसाचा नेमका अंदाज त्याच्या हाती नसतो. सायमनच्या मते अशा मर्यादित विवेकशीलतेत माणूस किमान निकष पूर्ण करणारा पहिला पर्याय स्वीकारतो.' यात संकल्पना, दाखला आणि विचारवंत तिन्ही तीन वाक्यांत आले. पुढच्या परिच्छेदात मर्यादा कशाकशाच्या असतात ते लिहावे: माहिती, वेळ, आकलनशक्ती, आणि संघटनेने आधीच घालून दिलेले नियम. त्यानंतर दुसरी बाजू हवीच. 'पुरेसा' निर्णय हे आळसाचे समर्थनही ठरू शकते. धोरणाचा अभ्यासक ड्रोर याने लिंडब्लॉमच्या टप्प्याटप्प्याच्या धोरणावर घेतलेला आक्षेप, की अशी पद्धत जडत्वाला बळ देते, इथे एका वाक्यात बसतो. शेवटचे वाक्य भूमिकेचे: आपत्ती आराखडे आणि माहिती प्रणाली यांनी विवेकाची मर्यादा थोडी मागे सरकते, नाहीशी होत नाही. एवढ्यात शब्द संपतात आणि तिथेच थांबावे.

आकृत्यांबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. प्रत्येक उत्तरात वर्तुळ आणि बाण काढण्याची जी साथ आली आहे तिने गुण वाढल्याचे मला दिसलेले नाही. नियंत्रणकक्षेच्या उत्तरात दोन पिरॅमिड शेजारी काढले तर ते काम करतात. 'सुशासन' मधोमध लिहून सहा बाणांच्या टोकांना सहा गुण लिहिले, तर ती यादीच राहते, फक्त गोल.

तपासणी: लिहिलेल्या उत्तरातून दाखला काढून टाकावा. उत्तर तसेच उभे राहत असेल, तर दाखला चिकटवलेला होता. मग विचारवंत काढून पाहावा. तरीही काही बिघडत नसेल, तर ते सामान्य अध्ययनाचे उत्तर झाले आहे.

## टप्पा ७: उजळणी आणि परीक्षेचा दिवस

शेवटच्या सहा आठवड्यांत नवे पुस्तक, नवी टिपणे, नवा अहवाल घेऊ नये. विचारवंतांची पाने, जोड्यांची वही आणि संज्ञावही या तिन्हींची तीन आवर्तने व्हावीत. प्रत्येक रविवारी दोन्ही पेपर, सकाळी एक आणि दुपारी एक, पूर्ण वेळ लावून सोडवावेत. कारण परीक्षेतही दोन्ही एकाच दिवशी असतात आणि दुपारी हात खरोखर दुखतो. केवळ पहिला पेपर सोडवून सराव झाला असे मानणाऱ्यांचे दुसऱ्या पेपरमधले अक्षर शेवटच्या तासात वाचवत नाही.

उत्तरे तपासायला देताना 'कसे वाटले' असे विचारू नये. तपासणाऱ्याला एकच काम द्यावे: प्रश्नाला थेट उत्तर देणारे पहिले वाक्य कोणते, त्याखाली रेघ मारा. ती रेघ तिसऱ्या-चौथ्या ओळीच्या खाली पडत असेल, तर पुढच्या आठवड्यात फक्त सुरुवाती लिहिण्याचा सराव करावा, दिवसाला दहा.

परीक्षेच्या दिवशी दोन पेपरांच्या मधल्या वेळेत पहिल्या पेपरमध्ये काय राहून गेले याची चर्चा टाळावी. त्या वेळात जोड्यांच्या वहीची फक्त उजवी पाने वाचावीत. कारण दुपारचा पेपर भारतीय प्रशासनाचा असतो, आणि डावी पाने सकाळी कागदावर उतरलेली असतात.